स्विफ्टची डिकी, सीएनजीची टाकी आणि उरलेले साडेनऊ लिटर

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार

गाडी २०१४ ची स्विफ्ट, पेट्रोल. मे २०२२ मध्ये बाहेरून सीएनजी किट बसवलं. आता त्याच डिकीत एक वूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, त्याच्या बॉक्ससकट बसवायचाय. या पिढीच्या स्विफ्टची डिकी कंपनीच्या कागदावरच जेमतेम २०४ लिटर. त्यात ६० लिटरची टाकी मागच्या सीटला पाठ लावून आडवी पडली की उरते ती टाकी आणि मागच्या दाराच्या मधली एक पट्टी, आणि दोन्ही चाकांच्या कमानींमागचे दोन कोपरे. पट्टीला हात लावायचा नाही, कारण तिथे घरच्यांच्या बॅगा असतात. बाबांनी तर विषय निघताच सांगून टाकलं, "तुला काय वाजवायचंय ते वाजव. पण गावाहून येताना तांदळाचं पोतं डिकीतच आलं पाहिजे. मी मांडीवर घेऊन बसणार नाही."

म्हणजे कोपरा. दोनपैकी कुठला, ते टाकीनेच ठरवलं. तिचा व्हॉल्व्ह उजव्या टोकाला आहे, हाताने बंद करायची चावीही तिथेच. गॅस गळला तर तो बाहेर सोडणाऱ्या नळ्याही त्याच बाजूने खाली उतरतात. तिथे काहीही उभं करायचं नाही. डावा कोपरा पक्का.

बाकीचे पर्यायही बघून झाले. सीटखालचा चपटा तयार वूफर एका मित्राच्या गाडीत ऐकला. काम करतो, पण ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० कंपनांच्या) खाली दमतो. स्टेपनीच्या खड्ड्यात बसवायचं तर स्टेपनी घरी ठेवावी लागेल, आणि स्टेपनीशिवाय ताम्हिणी उतरायची माझी तयारी नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

पुठ्ठ्याचे तुकडे, कात्री आणि मास्किंग टेप घेऊन सकाळभर डिकीत. कोपरा वरून बघितला तर भरपूर मोठा वाटतो. माप घ्यायला गेलं की टेललॅंपकडे निमुळता होत जातो, खाली कमानीचा फुगवटा आत येतो. बॉक्स कमानीच्या पुढे सहा सेंटीमीटर आला तर बॅगांना अडत नाही, स्टेपनीचं झाकणही पूर्ण उघडतं. तेवढीच हद्द. पुठ्ठ्याचा साचा करून ढोबळ हिशेब केला: लाकडाचा चौकोनी खोका बसवला तर आत पाच लिटर मिळतील, कारण सगळे बाक आणि फुगवटे वाया जातात. फायबरचा (काचतंतू आणि रेझिनचा), कोपऱ्याच्याच आकाराचा केला तर दहाच्या आसपास. इथेच फायबर ठरलं. लाकूडकाम सोपं, स्वच्छ, आणि मला ते जास्त आवडतं. पण पाच लिटरमध्ये काही होत नाही.

बाजूची प्लास्टिकची ट्रिम काढली तर आणखी लिटरभर मिळेल. नको. तिच्या मागून वायरी जातात, आणि गाडी उद्या विकायची झाली तर डिकी होती तशी दिसली पाहिजे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज नुसती आकडेमोड. बहुतेक जण आधी वूफर घेतात आणि मग त्याला जागा शोधत फिरतात. इथे उलटं करावं लागतंय: हातात नऊ-साडेनऊ लिटर आहेत, त्यात सुखाने राहील असा वूफर शोधायचा.

वूफरच्या कागदावर तीन आकडे बघायचे. एफएस म्हणजे तो मोकळा असताना ज्या कंपनाला स्वतःहून घुमतो ते. शंकू, म्हणजे वूफरचा पुढे-मागे हलणारा पडदा, जड असेल तर हा आकडा खाली येतो. पखवाजाच्या धुमाला, म्हणजे खालच्या आवाजाच्या डाव्या तोंडाला, कणकेचा लेप लावला की आवाज खाली उतरतो, तसंच. क्यूटीएस म्हणजे त्या घुमण्याला लगाम किती आहे त्याचं माप; आकडा लहान, तर लगाम घट्ट. व्हास म्हणजे शंकूच्या लवचीकपणाइतकीच 'स्प्रिंग' देणारी हवा किती लिटर. हे सगळं गणित ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडलं आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात पुढे नेलं. म्हणून तर आज घरबसल्या, कॅल्क्युलेटरवर बॉक्स ठरवता येतो.

बंद बॉक्ससाठी एकच गोष्ट काढायची. व्हासला बॉक्सच्या लिटरने भागा, एक मिळवा, वर्गमूळ काढा. आलेल्या आकड्याने क्यूटीएसला गुणलं की बॉक्समधला एकूण क्यू, एफएसला गुणलं की बॉक्समधली घुमण्याची जागा. एकूण क्यू ०.७ च्या आसपास आला की आवाज सपाट उतरतो. एकच्या वर गेला की एकाच पट्टीत 'भुंऽ' करत बसतो. रस्त्यात शेजारून जाणाऱ्या गाडीतून येतो ना, तो.

दहा इंची उमेदवार: एफएस ३०, क्यूटीएस ०.५, व्हास ३० लिटर. त्याला नऊ लिटरमध्ये कोंबला तर क्यू १.०४ आणि घुमणं ६२ हर्ट्झला. २५ लिटर दिले तर तोच ०.७४ ला येतो, ४४ हर्ट्झला. चांगला वूफर आहे, आपला नाही.

आठ इंची उमेदवार: एफएस ३२, क्यूटीएस ०.४५, व्हास १४ लिटर, बसायची खोली १०५ मिमी. नऊ लिटरमध्ये क्यू ०.७२, घुमणं ५१ हर्ट्झ. हाच. आकाराने लहान, पण या कोपऱ्यात मोठ्यापेक्षा खाली उतरतो. हे कागदावर बघूनही मनाला पटायला वेळ लागतो.

पाइपवाला, म्हणजे पोर्टेड बॉक्स करावा का तेही तपासलं. नऊ लिटरला ३५ हर्ट्झवर ट्यून करायचं, तर साडेसात सेंटीमीटर व्यासाचा पाइप सव्वा मीटरच्या जवळपास लांब लागतो. त्या पाइपचंच आकारमान पाच लिटर! पाच सेंटीमीटरचा घेतला तर अर्धा मीटर लांब, पण एवढ्या अरुंद नळीतून हवा फुसफुसते. विषय बंद, बॉक्सही बंदच.

शिवाय गाडीची केबिन बंद बॉक्सच्या मदतीला येते. बंद बॉक्सचा आवाज घुमण्याच्या खाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरत जातो. गाडीच्या आतली लांबी आवाजाच्या अर्ध्या लाटेपेक्षा कमी पडली की केबिन साधारण तेवढीच चढत जाते. स्विफ्टमध्ये काचेपासून मागच्या दारापर्यंत अडीच मीटर धरले तर हे ७० हर्ट्झच्या खाली सुरू होतं. प्रत्यक्षात पत्रा, काचा, दारांच्या फटी यातून बरंच निसटतं, पण उरतं तेही पुष्कळ. घरात ५० हर्ट्झला मान टाकणारा बॉक्स गाडीत ३५ पर्यंत ऐकू येतो तो यामुळे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पुण्यातली तपकीर गल्ली. वूफर आणि वायर. पहिल्या दुकानात नेहमीचं: "दादा, बारा इंची बेस ट्यूब न्या, तयार आहे, अर्ध्या तासात बसवून देतो." डिकीत टाकी आहे म्हटल्यावर, "मग मागच्या सीटवर ठेवा की." बरं.

आठ इंची मिळाला, चार ओहम, सतत १५० वॅट झेलणारा. अँप, म्हणजे वूफरला ताकद पुरवणारा अँप्लिफायर, क्लास डी (कमी तापणारा), तेवढ्याच ताकदीचा.

वायरीच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. 'प्युअर कॉपर' असं छापलेलं आठ गेजचं बंडल हातात घेतलं ते उचलतानाच हलकं लागलं. एक तार नखाने खरवडली तर आतून चंदेरी. तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. त्याने वीज वाहते, पण त्याच जाडीच्या तांब्याच्या दीड पटीच्या आसपास अडथळा करून. दुकानदार म्हणाला, "सगळे हेच नेतात." पुढच्या दुकानात खरं तांबं मिळालं, दुपटीहून महाग. पाच मीटर घेतलं.

२ मार्च, रविवार

सामान जमवणं. समोरच्या फळीसाठी १८ मिमी प्लाय, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून, आयएस ७१० छापलेला, म्हणजे मरीन, पाण्यात टिकणारा. गाडीतल्या बॉक्सना सगळे एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) वापरतात. एमडीएफ जड, एकसारखं आणि कापायला लोण्यासारखं. पण आपल्या पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि चपला डिकीत जातात. एमडीएफची कड एकदा पाणी प्यायली की बिस्किटासारखी फुगते आणि स्क्रू धरत नाही. प्लायला थोडी जास्त घासाघीस, चालेल.

फायबरचं सामान: काचतंतूंची मॅट (चौरस मीटरला ४५० ग्रॅम), पॉलिएस्टर रेझिन, ते कडक करणारं हार्डनर, ब्रश, लोखंडी खाचांचा रोलर. हिशेब असा: साच्याचं क्षेत्रफळ साधारण ०.३५ चौरस मीटर, एक थर बसल्यावर मिलिमीटरभर जाड, मला पाच थर हवेत. मॅट ८०० ग्रॅमच्या आसपास, आणि तिच्या सव्वादोन ते अडीच पट वजनाचं रेझिन, म्हणजे दोन किलो. सांडलवंड धरून तीन किलो आणलं.

एक गोष्ट ठळक लिहून ठेवतो. आपल्याकडे रेझिनसोबत दोन बाटल्या मिळतात, हार्डनर आणि कोबाल्टचं अॅक्सिलरेटर, म्हणजे कडक होण्याचा वेग वाढवणारं. या दोन बाटल्यांतलं द्रव्य थेट एकमेकांत कधीही मिसळायचं नाही. भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर शेवटी. मी हा खेळच नको म्हणून कोबाल्ट आधीच मिसळलेलं रेझिन मागितलं. ते जांभळट दिसतं. त्यात हार्डनर पडून ढवळलं की हिरवट-तपकिरीकडे वळतं. मिश्रण नीट झालं की नाही ते या रंगावरूनच कळतं. दुकानातल्या काकांनीच दाखवलं, आणि वर "मास्क घालूनच काम कर रे" असंही बजावलं.

९ मार्च, रविवार

साचा. गाडी सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत, सावलीत. पाचही दारं उघडी, टाकीची हातचावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली. रेझिनची वाफ पेट घेणारी असते, आणि शेजारी दोनशे बारपर्यंत भरली जाणारी टाकी आहे. टाकी, व्हॉल्व्ह आणि सगळी डिकी जाड प्लास्टिकने झाकली, फक्त डावा कोपरा उघडा.

कोपऱ्यावर मास्किंग टेप आडवी-उभी दोन पदर, त्यावर अॅल्युमिनियम फॉइल, त्यावर मेणाचं पॉलिश. ट्रिमच्या वरच्या कडेला आत वळलेली एक पट्टी आहे. साचा तिच्यात अडकून बसला असता आणि कापल्याशिवाय निघाला नसता. तिथे आधी फोमचा तुकडा कापून खाच बुजवली.

रेझिन एका वेळी दोनशे ग्रॅमच. सावलीतही ऊन जाणवत होतं, म्हणून हार्डनर एक टक्का, म्हणजे दोन ग्रॅम. मॅट कापायची नाही, हाताने फाडायची. फाटलेल्या कडेचे धागे एकमेकांत मिसळून जातात, कापलेली कड पायरीसारखी उठून दिसते. ब्रश रंगवल्यासारखा ओढायचा नाही, टोचत जायचं. मॅट पांढरी असते, रेझिन मुरलं की पारदर्शक होते. जिथे पांढरं उरलं तिथे हवा अडकलीय. रोलर फिरवला की ते पांढरे ठिपके कडेकडे सरकतात आणि 'चिट्' करून फुटतात. या कामातला हा भाग मला फार आवडला.

गाडीत दोनच थर. जाड थर एकदम दिले तर रेझिन तापतं, आणि खाली प्लास्टिकची ट्रिम आहे. चार वाजता टकटक वाजेल इतकं कडक झालं. कडा सुटी करून हलवली, कचकन निघालं. पॉलिएस्टर वाळताना किंचित आकसतं, त्याचा फायदा. फॉइल साच्याला चिकटून आलं, टेप गाडीत राहिली, ट्रिमवर एक थेंब नाही.

संध्याकाळी अंगभर खाज. काचेचे धागे. थंड पाण्याने अंघोळ करायची, गरम पाण्याने त्वचेची छिद्रं उघडतात असं सगळे सांगतात. मी थंड पाण्यानेच केली, तरी खाज सुटलीच.

१६ मार्च, रविवार

गच्चीवर उरलेले तीन थर, शिवाय कमानीजवळचा भाग बराच सपाट आहे तिथे जादाचा एक. फायबर वळणावर दगडासारखं कडक असतं, सपाट जागी पापडासारखं हलतं. बोटाने ठोकून बघायचं: वळणावर 'टक', सपाट जागी 'ढब'. आतल्या दाबाने ढब वाजणारी जागा स्वतःच आवाज करू लागते आणि वूफरची ताकद तिथे खर्च होते. जादा थरानंतर तिथेही टक येतंय. तरी मागच्या भिंतीपासून समोरच्या फळीपर्यंत एक लाकडी दांडा आतून लावणार.

२३ मार्च, रविवार

समोरची फळी. साच्याची कड पुठ्ठ्यावर गिरवून प्लायवर उतरवली, जिगसॉने कापली. वूफरसाठी १८२ मिमीचं भोक. मागच्या चुंबकापासून साच्याची भिंत किमान २५ मिमी लांब हवी, कारण या वूफरच्या पाठीला हवा जायचं छिद्र आहे. म्हणून भोक मध्यावर न घेता वर आणि मागच्या बाजूला, जिथे खोली जास्त आहे. दिसायला तिरपागडं दिसतं. कुठल्या बाजूला तोंड आहे याने फरक पडत नाही. ५० हर्ट्झची लाट जवळपास सात मीटरची असते, तिला डिकीतली दिशा कळत नाही.

फळी लावायच्या आधी आकारमान मोजायचं. आकार असा की सूत्र चालत नाही. पाणी चालेल, पण कडा अजून बंद नाहीत. म्हणून धान्य. आईकडे ज्वारी मागितली. "आत प्लास्टिकची पिशवी घाल. आणि रेझिनचा वास लागला ना, तर त्या भाकऱ्या तूच खायच्या." पिशवी घातली, लिटरच्या मापाने भरत गेलो, वर पट्टी फिरवून सपाट केलं. १०.४ लिटर. त्यातून वूफरची पाठ ०.८ आणि दांडा, पट्ट्या ०.२ वजा. निव्वळ ९.४.

पुन्हा गणित: क्यू ०.७१, घुमणं ५०.५ हर्ट्झ. पुठ्ठ्यावर केलेला अंदाज एवढा जवळ येईल असं वाटलं नव्हतं.

ज्वारी परत डब्यात गेली. आईने वास घेऊन बघितला, काही बोलली नाही. म्हणजे पास.

३० मार्च, रविवार

पाडवा. काम नाही.

५ एप्रिल, शनिवार

फळी आणि साचा जोडला. कडेला रेझिनमध्ये फायबरचा चुरा घालून केलेली लापशी, आतून मॅटच्या पट्ट्या, वूफरच्या भोकातून हात घालून. हातमोजे तीन जोड संपले. वूफर स्क्रूने नाही, टी-नट (फळीत मागून ठोकायचे नट) आणि एम४ बोल्टने. प्लायमधला स्क्रू चार वेळा काढला-घातला की सैल होतो, आणि हा वूफर काढायची वेळ येणार हे माहीत आहे. वायर बाहेर येते तिथे एम-सील.

गळती तपासायला उदबत्ती. गच्चीवर, गाडीपासून लांब. वूफरला २० हर्ट्झचा सूर दिला आणि उदबत्ती सांध्याच्या कडेने फिरवली. धूर सरळ वर जात असेल तर सांधा बंद. खालच्या डाव्या कोपऱ्यात धूर थरथरला, तिथे पुन्हा लापशी. नंतर हाताने शंकू हळूच आत दाबून सोडला. बंद बॉक्समध्ये तो आळसावून परत येतो, गळका असेल तर लगेच उसळतो. आळसावला.

मग घुमण्याची खरी जागा शोधली. अँपच्या वाटेत शंभर ओहमचा रेझिस्टर, वूफरच्या दोन टोकांना मल्टिमीटर, मोबाइलवरून एक-एक हर्ट्झने सूर बदलत जायचं. व्होल्ट जिथे सगळ्यात जास्त तीच जागा. ५४ आली, कागदापेक्षा साडेतीन जास्त. कागदावरचे आकडे नव्या वूफरचे नसतात, चालून सैल झालेल्याचे असतात, म्हणून यात नवल नाही. उशीत भरतात ती रेकरॉन पाव किलो आणून पिंजून सैलसर भरली. तंतू हवेची उष्णता शोषतात आणि बॉक्स वूफरला थोडा मोठा भासतो. ५१. कोंबून भरली तर उलटा परिणाम होतो, तेव्हा इथेच थांबलो.

१२ एप्रिल, शनिवार

वायरिंग. एक निर्णय सुरुवातीलाच घेतला होता: टाकीच्या शेजारी अँप, फ्यूज, रिले यातलं काहीही नाही. अँप पुढच्या डाव्या सीटखाली. डिकीत फक्त वूफरची दोन तारांची वायर जाते.

१५० वॅट, ऐंशी टक्के कार्यक्षमता, १३.८ व्होल्ट, भर आवाजात १३ ते १४ अँपियर. २० चा फ्यूज, बॅटरीपासून हातभराच्या आत. फ्यूज अँपसाठी नसतो, वायरीसाठी असतो. बॉनेटपासून सीटपर्यंत वायर कुठे घासून पत्र्याला टेकली, तर आग लागण्याआधी तो उडाला पाहिजे. म्हणून तो बॅटरीशेजारी. गाड्यांमध्ये तो अँपशेजारी लावलेला बघितला की माझं डोकं फिरतं.

पत्र्यातून वायर आत घेताना रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कडेला घासू नये म्हणून भोकात बसवायचं कडं. अर्थ सीटच्या बोल्टजवळ, रंग खरवडून, अर्ध्या मीटरच्या आत. इलेक्ट्रिशियन भाऊ मदतीला होते. ते म्हणाले, "टाकीच्या ब्रॅकेटला मारू का अर्थ? तिथे मस्त जाड लोखंड आहे." नको म्हटलं. "नाही, मी आपलं विचारलं," म्हणाले.

पॉवरची वायर डाव्या बाजूने, सिग्नलची उजव्या बाजूने. शेजारून नेल्या तर इंजिनची शिट्टी ऐकू येते.

१३ एप्रिल, रविवार

बसवला. बॉक्स वूफरसकट नऊ किलोच्या आसपास. जोरात धडक बसली आणि वीस जीचा (स्वतःच्या वजनाच्या वीस पट) झटका आला तर तो १८० किलोच्या ताकदीने पुढे येईल. नुसता कोपऱ्यात दाबून बसलाय यावर भागत नाही. ट्रिमच्या मागच्या पत्र्यात मुळातच असलेल्या दोन भोकांत रिव्हनट (पत्र्यात पक्के बसणारे नट), त्यात एम८ चे दोन बोल्ट. फरशीला नवीन भोक पाडलेलं नाही. खालून गॅसची नळी जाते. वूफरवर लोखंडी जाळी, तांदळाच्या पोत्याचा विचार करून.

पहिल्या दहा मिनिटांत वूफरपेक्षा गाडीच जास्त वाजली. मागची नंबरप्लेट: मागे फोमची पट्टी. मागच्या दाराचं लॉक: त्याच्या आकड्यावर कापडी टेप. पार्सल ट्रेची प्लास्टिकची कडी: फोम. एक खरखर सापडेना. ३० ते ८० हर्ट्झचा सूर हळूहळू चढवत गेलो, ४३ ला जोरात यायची. मागच्या सीटच्या पट्ट्याचं बक्कल टाकीच्या ब्रॅकेटवर आपटत होतं.

क्रॉसओव्हर (ज्या सुराच्या खालचं वूफरकडे जातं ती सीमा) ८० वर ठेवला तर आवाज मागून येतोय हे कळतं. ७० वर तो पुढे सरकतो, दाराच्या स्पीकरांच्या मागे लपतो. ७० वर ठेवला. फेज, म्हणजे शंकू आधी पुढे जातो की मागे ती दिशा, उलटी करून दोन्हीकडे ऐकलं, उलट्यात ६०-७० च्या आसपास जास्त भरीव, उलटीच ठेवली. मोबाइलच्या मायक्रोफोनवर खालच्या सुरांसाठी विश्वास नाही; दोन सेटिंगमधला फरक बघण्यापुरतंच अॅप वापरलं.

२६ एप्रिल, शनिवार

दोन आठवडे वापरल्यावरचं मत. हा दणका देणारा बॉक्स नाही. सिग्नलला उभं राहून शेजारच्याची काच थरथरवायची असेल तर हे काम करू नये, आठ इंची शंकू हलवून हलवणार किती हवा. पण पखवाजाचा धुम आता थापेसकट कळतो: आधी हाताचा स्पर्श, मग खालचा घुमार, मग तो थांबतो. थांबतो, हे महत्त्वाचं. ढोल-ताशाच्या ध्वनिमुद्रणात टोलानंतरची शांतता ऐकू येते. पूर्वी दाराच्या स्पीकरांवर बेसचं बटण चढवून ऐकायचो तेव्हा पुढचा टोल आला तरी मागचा संपलेला नसायचा.

वॉल्यूमही कमी झालाय. पूर्वी २५ वर ऐकायचो, आता १८ पुरतो.

बाबा पुढच्या सीटवर बसून अभंग ऐकत होते. मध्येच म्हणाले, "आवाज कमी कर जरा." मग थोड्या वेळाने, "एवढा नको कमी."

१० मे, शनिवार

टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने घेतलेली चाचणी. दर तीन वर्षांनी करावी लागते, आणि मे २०२२ चं किट म्हणजे मुदत या महिन्यात. टेस्टिंगसाठी टाकी गाडीतून पूर्ण बाहेर काढतात, आणि डिकीत नंतर काही बसवलेलं असलं की तिथली माणसं हात लावायला कां-कूं करतात. म्हणूनच बॉक्स टाकीपासून स्वतंत्र ठेवला होता. कनेक्टर ओढला, दोन बोल्ट काढले, बॉक्स मागच्या सीटवर. टाकी काढणाऱ्या मुलाने विचारलं, "हे फायबरचं कुठून बनवून घेतलं?" घरी केलं म्हटल्यावर त्याने बोटाने ठोकून बघितलं, बरोबर त्या सपाट जागीच.

टाकी पास होऊन आली, नवी तारीख ठोकलेली. बसवताना त्यांनी ब्रॅकेट मूळ जागेपासून बोटभर डावीकडे घेतलं, त्यामुळे टाकीचं टोक आता जाळीपासून चार सेंटीमीटरवर आलंय. शंकूला मोकळं व्हायला तेवढं चालतं, पण ब्रेक मारल्यावर दोन्ही एकमेकांना लागता कामा नयेत. मध्ये जाड रबराची पट्टी लावायचीय, बोहरी आळीत मिळेल. पाऊस सुरू व्हायच्या आत प्लायच्या कडांना पॉलियुरेथेनचा आणखी एक हात.